कुंडीतला फोन

रूथबाई गायकवाड आपला फोन कढीपत्त्याच्या कुंडीत ठेवत. घरात टेबल होतं, काचेचं कपाट होतं, टीव्हीखाली रिकामा कप्पा होता, पण फोनची जागा गॅलरीतल्या कुंडीत, बुंध्याशी वाळू पसरून केलेली. रिंग वाजली की बाई हातातलं काम टाकून गॅलरीत जात, फोन उचलून वाळू झटकत आणि "बोला" म्हणत. बोलणं संपलं की फोन परत कुंडीत. कुणाच्या घरी गेल्या तरी चपला काढता काढता विचारत, "तुमच्याकडे कुंडी कुठाय?" आमच्या गाझियाबादच्या सोसायटीत लोक यावर पोट धरून हसत. हसणाऱ्यांची नावं मला पाठ आहेत. त्यातले बरेचजण माझ्या दुकानात स्क्रीनची काच बसवायला येतात आणि ओळखीचा भाव मागतात. मी त्यांना एक पैसा सोडत नाही.

बाई मूळच्या नगरच्या. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. टायपिस्ट म्हणून दिल्लीला एका मंत्रालयात लागल्या आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. गावाकडे एक भाची, बाकी कुणी नाही. अंगानं किडकिडीत, केस बॉबकट, कॉटनची साडी आणि पायात पुरुषी वाटाव्यात अशा काळ्या चपला. मी एकदा चुकून "मावशी" म्हटलं, तर म्हणाल्या, "मी तुमच्या आईची बहीण आहे का? मग बाई म्हणा. बाई आहे ते तरी खरंय."

माझंही सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी बार्शीचा. मोठा साहेब व्हायला दिल्लीला आलो. मुनिरक्यात खोली घेऊन परीक्षेचा अभ्यास केला. परीक्षा काही निघाली नाही. घरी परत जायचं तोंड नव्हतं, म्हणून त्याच गल्लीत टेबल मांडून मोबाइलची कव्हरं विकायला लागलो. जे बरोबर अभ्यास करत होते ते माझ्याकडे कव्हर घ्यायला येत आणि घासाघीस करत. घासाघीस मी तिथं शिकलो. आज गाझियाबादला सोसायटीच्या खालच्या मार्केटमध्ये माझं स्वतःचं दुकान आहे, कुणाच्या मेहरबानीनं नाही. जगात भाव नसलेली वस्तू नाही, फक्त विकणाऱ्याला तो आधी बोलायला लावायचा, असं माझं मत होतं. बाई भेटेपर्यंत.

पहिल्यांदा आल्या त्या फोन घ्यायला. मी सवयीनं भाव चढवून सांगितला, नंतर खाली आणायची तयारी ठेवून. बाईंनी भाव विचारलाच नाही. फोन उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "याला काही झालं तर कुणाकडे यायचं?"

मी म्हटलं, "कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे ना, बाई."

"कंपनी मला दिसत नाही. तुम्ही दिसताय."

"मग माझ्याकडे या."

"नाव सांगा."

"मोरे."

"मोरे, मी येणार हं," म्हणाल्या आणि मी सांगितलेला चढा भाव तसाच मोजून गेल्या. मला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं नाही. का ते कळायला वेळ लागला.

काही महिन्यांनी कंपनीनं त्या मॉडेलचे सगळे फोन परत मागवले. बॅटरी तापते, फुगते, क्वचित पेट घेते, असं कुठंकुठं झालं होतं. आमच्यासारख्या दुकानदारांना सांगण्यात आलं की गिऱ्हाइकांकडून जुने फोन गोळा करा, बदली फोन द्या. बदली फोनच्या खोक्यावर आणि फोनच्या पाठीवरही एक हिरवा ठिपका. हिरवा ठिपका म्हणजे बॅटरी नवी, काळजी नको. मी स्वतः सोसायटीत दारोदार फिरून फोन बदलून दिले. लोक खूश. फुकटात नवा फोन मिळाल्यावर कोण नाखूश होणार? फक्त बाईंनी विचारलं, "आधीच्यात काय चुकलं होतं ते कुठं लिहिलंय?" मी म्हटलं, ते कंपनी सांगत नाही, पण ठिपका आहे. बाई म्हणाल्या, "ठिपका हे उत्तर नाही, मोरे." तरी फोन घेतला, कारण मी दिला होता.

तो ठिपकेवाला फोन एका दुपारी त्यांच्या सोफ्याच्या हातावर पेटला. चार्जिंगला लावलेला नव्हता. त्यावर कुणी बोलत नव्हतं. बाई शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. आधी सुसकारा आल्यासारखा आवाज, मग धूर, मग ज्वाळा. उशी पेटली, पडद्याची कड पेटली. बाईंनी स्वयंपाकघरातून सांडशी आणली, फोन पकडला आणि गॅलरीत नेऊन कुंडीत खुपसला. पडद्यावर बादली ओतली. मग भाजलेल्या उजव्या हाताला ओलं फडकं गुंडाळून, तशाच, जळकट वासाच्या साडीत माझ्या दुकानात आल्या. गिऱ्हाइकं होती. बाई काउंटरसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मोरे, तुम्ही सांगितलं होतं तुमच्याकडे या. आले."

मी त्यांना आधी डॉक्टरकडे नेलं. बोटांची कातडी गेली होती. त्यांचं पेन धरायचं बोट पुढं कधी नीट वाकलं नाही. पुढं घेतलेल्या फोनची जागा मग कुंडीतच ठरली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं हसून सांगितलं की फोन जमा करा, लॅबमध्ये जाईल, रिपोर्ट आला की फोन करू. बाईंनी विचारलं, तपासून झाल्यावर फोन परत देणार का. मुलगी म्हणाली, तशी पॉलिसी नाही. बाईंनी जळका फोन ज्या स्टीलच्या डब्यात आणला होता त्याचं झाकण लावलं आणि खुर्चीवर बसल्या. मुलगी म्हणाली, मॅडम, जमा नाही केलात तर काही होऊ शकत नाही. बाई म्हणाल्या, "ठीक है. मैं बैठी हूँ."

ते बाईंचं मुख्य हत्यार होतं. आयुष्यभर त्यांनी ऑफिसात मोठमोठ्या साहेबांना असं जेरीला आणलं होतं, ओरडून नाही, बसून. मी तिथं ओरडत होतो. माझा स्वभाव तापट, मॅनेजरला मी काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. बाईंनी मला हाताला धरून शेजारच्या खुर्चीवर बसवलं. म्हणाल्या, "चिडलात की ते पाणी देतात आणि घरी पाठवतात. मी चिडलेली नाही. मी बसलेय." पिशवीतून दुसरा, खाण्याचा डबा काढून मेथीचे ठेपले बाहेर काढले, तिथंच खाल्ले, मलाही दिले. संध्याकाळी शटर ओढायची वेळ झाली तेव्हा मॅनेजर स्वतः आला आणि तक्रार लिहून घेतली. बाई म्हणाल्या, "पोच." त्यानं शिक्का मारून पोच दिली, तेव्हा उठल्या.

रिक्षात मी म्हटलं, फोन देऊन टाकला असता तर काम लवकर झालं असतं. बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या जसं मी दुकानाची किल्ली चोराला द्यायला सांगितली. म्हणाल्या, "मोरे, आमच्या सेक्शनमध्ये एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवत. मूळ प्रत बाहेर जात नाही. मंत्री मागो, कुणी मागो. नक्कल न्या, इथं येऊन वाचा, पण मूळ प्रत सेक्शनमध्येच. ती एकदा गेली की मग तुम्ही म्हणाल ते खोटं आणि ते म्हणतील ते खरं. हा फोन माझी मूळ प्रत आहे."

कंपनीनं पंधरवड्याच्या आत भाटिया नावाचा माणूस पाठवला. गुरुग्रामच्या ऑफिसातला, गुळगुळीत बोलणारा, इस्त्रीचा शर्ट. बाईंनी मला बोलावून घेतलं. भाटियाचं म्हणणं असं की बाईंनी बाहेरचा स्वस्त चार्जर वापरला असणार. बाईंनी उठून ड्रॉवर उघडला आणि कंपनीचाच चार्जर, वायर गुंडाळलेला, टेबलावर ठेवला. म्हणाल्या, पेटला तेव्हा हा इथं होता आणि फोन तिथं. मग भाटिया म्हणाला, जाऊ दे, वाद कशाला, कंपनी माणुसकी म्हणून भरपाई देईल. जळका फोन द्या आणि बाहेर या विषयावर बोलू नका.

हे माझं मैदान होतं. मी त्याला आकडा बोलायला लावला. मग हसलो. मग बाईंचं बोट दाखवलं, पडदा दाखवला, सोफ्याचं भोक दाखवलं. तो फोनवर साहेबाशी बोलायला गॅलरीत गेला, परत आला, आकडा वाढला. मी उठून निघायचं नाटक केलं. पुन्हा वाढला. खरं सांगतो, इतकी चांगली घासाघीस मी आयुष्यात केली नव्हती. शेवटी मी बाईंकडे बघितलं, आता हो म्हणा अशा नजरेनं.

बाई चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "छान बोललात. पण मोरे, तुम्ही विकताय काय?"

"फोन, बाई. जळका फोन. कचऱ्याला कुणी इतके देत नाही."

"तेच म्हणतेय. कचऱ्याला कुणी इतके देत नाही." चहा भाटियापुढे ठेवला आणि हिंदीत म्हणाल्या, "बेटा, पैसे नको. एक कागज़ पर लिखो कि बदला हुआ फोन अपने आप जला. और हरे ठिपकेवाले सब फोन वापस लो."

भाटिया म्हणाला, "मैडम, ये मेरे हाथ में नहीं है."

"तो जिसके हाथ में है उसको लाओ. चाय मैं उसको भी पिलाऊँगी."

तो गेल्यावर मी बाईंवर चिडलो. म्हटलं, माझी सगळी मेहनत पाण्यात घातलीत. बाई म्हणाल्या, या सोसायटीतले ठिपकेवाले फोन तुम्हीच वाटलेत ना? रात्री ते कुठं असतात? मी म्हटलं, उशाशी. "लहान पोरांच्या हातात?" म्हटलं, असतात. "मग माझ्या एकटीच्या पडद्याचा भाव कसला करताय?"

त्या दिवसापासून मी ज्याला ज्याला बदली फोन दिला होता त्याला सांगत सुटलो, की वापरू नका, बंद करून ठेवा. लोकांना वाटलं मला नवे फोन खपवायचेत. एकानं तोंडावर म्हटलं, "मोरेजी, धंदा ठीक चल रहा है?" त्याला मी त्याच्या दारात दिलेलं उत्तर अजून त्या मजल्यावर सगळ्यांना आठवतं.

बाईंनी ग्राहक आयोगात केस टाकली. तारखा पडायला लागल्या. तेवढ्यात गणपती आले. आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा गणपती दरवर्षी कम्युनिटी हॉलमध्ये बसतो. बाई ख्रिस्ती, पण मंडळाच्या प्रसादाचं वाटप त्यांच्याकडे असे, कारण त्यांच्या हातून कुणाला दोनदा मोदक मिळत नसे. त्या वर्षी मंडळाचे सेक्रेटरी देशपांडे, एका मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेले, त्यांनी सजावटीला प्रायोजक मिळवला. कोण? तीच फोन कंपनी. देशपांड्यांना बाईंची गोष्ट माहीत होती. पण आमच्या लोकांना फुकट मंडप मिळाला की बाकी सगळं विसरता येतं. मखराशेजारीच कंपनीनं मोफत चार्जिंगचं टेबल लावलं. मागं कागदाची कमान, कापडी झालर, खाली एक्स्टेन्शन बोर्ड, आणि आरतीला आलेल्यांचे फोन एकावर एक.

बाई प्रसादाचं ताट घेऊन आल्या आणि टेबलाकडे बघून थांबल्या. ताट माझ्या हातात दिलं. एक एक फोन उलटा करून ओळखला, ठिपकेवाले काढून हॉलबाहेरच्या वाळूच्या बादलीवर परातीत ठेवले, म्हणजे आग विझवायची लाल बादली असते तिच्यावर. मग खुर्ची ओढून टेबलासमोर बसल्या.

देशपांडे धावत आले. खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, बाप्पाच्या समोर तमाशा नको हो. प्रायोजकाची माणसं आलीयेत."

"तमाशा नको म्हणूनच बसलेय, देशपांडे साहेब."

"लोकांना फोन चार्ज करायचेत."

"ज्यावर ठिपका नाही तो लावू द्या. ठिपकेवाला लावायचा असेल तर मला उचलून बाजूला ठेवा. मी हलकी आहे, जमेल तुम्हाला."

कुणी उचललं नाही. आरती झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनी बसूनच वाजवल्या. लोक येत, खुर्चीवरच्या बाईंना बघत आणि हातातला फोन खिशात घालून जात. दहाही दिवस बाई संध्याकाळी येऊन तिथं बसल्या. प्रसाद मी वाटला, आणि कबूल करतो, काहीजणांना दोनदा गेला.

विसर्जन झाल्यावर देशपांडे सर्वांसमोर म्हणाले, "बघा बाई, काही झालं का? उगाच घाबरवलंत लोकांना."

बाई म्हणाल्या, "काही झालं नाही, कारण मी बसले होते."

लोक हसले. मी हसणाऱ्यांकडे बघत राहिलो. नावं तेव्हाच पाठ केली.

गणपतीनंतर भाटिया माझ्याकडे आला. बाईंकडे नाही, माझ्याकडे. दुकानावर कंपनीचा मोठा दिव्यांचा बोर्ड होता, त्यावर माझं नाव लहान आणि त्यांचं मोठं. त्या बोर्डामुळे अर्धं गिऱ्हाईक यायचं. भाटिया म्हणाला, "मोरेजी, आंटी आपकी सुनती हैं. वो फोन दिलवा दो. नहीं तो ऊपर से बोर्ड के बारे में सोचना पड़ेगा." ते वाक्य त्यानं हसून म्हटलं, हे मला जास्त लागलं. तेच लोक, ज्यांनी मला दारोदार हिरवे ठिपके वाटायला लावले. लोकांना सुरक्षित आहे म्हणून माझ्या तोंडानं सांगायला लावलं. माझं तोंड वापरलं, माझं नाव वापरलं, आणि आता माझाच बोर्ड मला दाखवत होते. मी काउंटर ओलांडून बाहेर आलो आणि त्याला कॉलर धरून रस्त्यावर नेला. बोर्डाकडे बोट दाखवलं. म्हटलं, शिडी हवी असेल तर मी देतो.

पुढच्याच आठवड्यात माणसं आली आणि बोर्ड उतरवून घेऊन गेली. लोखंडी चौकट तेवढी राहिली. गिऱ्हाईक कमी झालं, ते अजून पुरतं भरून आलेलं नाही. दुसरा बोर्ड लावायला बऱ्याच जणांनी सांगितलं. मी चौकट तशीच ठेवली आहे. विचारणाऱ्याला सांगतो इथं काय होतं आणि का गेलं.

बाईंना मी हे कळवलं नव्हतं. त्या भाजी घ्यायला खाली आल्या, वर बघितलं आणि भाजी घेऊन गेल्या. संध्याकाळी डबाभर ठेपले घेऊन आल्या आणि काउंटरच्या आत माझ्या शेजारी स्टूल टाकून बसल्या. गिऱ्हाईक आलं की म्हणायच्या, "या, बोर्ड गेला, दुकान इथंच आहे."

मग हिवाळ्यात एक गंमत झाली. कंपनीनं ठिपकेवाल्या फोनच्या सगळ्या मालकांना मेसेज पाठवला. जुना फोन द्या, नवं मॉडेल घ्या, आमच्या जुन्या ग्राहकांना खास भेट. आगीचं नाव नाही, बॅटरीचं नाव नाही. सोसायटीतले फोन आठवडाभरात गेले. देशपांड्यांचाही गेला. मी धावत बाईंकडे गेलो. म्हटलं, जिंकलात तुम्ही, सगळे फोन परत घेतले.

बाईंनी चष्मा लावून मेसेज वाचला. "कारण लिहिलंय?"

"नाही."

"मग पोरं उशाशी घेऊन झोपत नाहीत, एवढं झालं. ते बरं झालं." मग म्हणाल्या, "पण दुसऱ्या गावात ज्यानं मेसेज उघडला नाही, भेट नको म्हणून फोन ठेवून घेतला, त्याचं काय? भेट नाकारता येते, मोरे. धोका आहे म्हटलं असतं तर कुणी नाकारली असती? संपलेलं नाही."

केस चालूच राहिली. कंपनीचा वकील दर तारखेला जळका फोन आमच्या लॅबला द्या म्हणे. बाई दर तारखेला म्हणत, आयोग सांगेल त्या लॅबला, माझ्यासमोर, आणि परत माझ्या हातात. वकील पुढची तारीख मागून घेई.

त्यानंतरच्या वर्षी बाईंच्या पोटात गाठ निघाली. फार दिवस काढले नाहीत. हॉस्पिटलमध्ये मी गेलो तेव्हा नगरहून भाची आली होती, शाळेत शिकवणारी शांत मुलगी. बाईंनी उशीजवळच्या पिशवीतून स्टीलचा डबा काढायला लावला आणि माझ्याकडे दिला. भाचीला म्हणाल्या, "केस तू चालव. वस्तू यांच्याकडे राहील. नगरला नेऊ नकोस, प्रवासात गहाळ होते." मग मला म्हणाल्या, "पोच."

माझ्या खिशात दुकानाचं बिलबुक असतं. मी एका बिलाच्या मागं लिहिलं, जळका फोन मिळाला, मोरे. बाईंनी हात लांब करून घेतलं, चष्म्याशिवायच डोळ्यांजवळ धरून वाचलं, आणि न वाकणाऱ्या बोटानं खाली दाखवलं. तारीख राहिली होती. ती घातली.

बाईंना दिल्लीतच दफन केलं. मंडळाची माणसं आली होती, देशपांडेही. कबरीपाशी त्यांनी मला म्हटलं, बाई जरा हट्टीच होत्या, नाही का? मी म्हटलं, होत्या, म्हणून तुमचा मंडप शाबूत राहिला. ते मागं सरकले.

गेल्या महिन्यात भाटिया पुन्हा आला. केस अजून आहे, भाचीनं आपलं नाव लावून घेतलंय, तारखेला रात्रीच्या गाडीनं येते. डबा माझ्या दुकानात काचेच्या शोकेसमध्ये असतो, नव्या फोनांच्या मधोमध, झाकण काढून. सगळ्या वस्तूंवर किमतीची चिठ्ठी आहे, त्यावर नाही. येणारा प्रत्येकजण विचारतो आणि मी प्रत्येकाला सांगतो. भाटियानं ते काळं ढेकूळ बराच वेळ बघितलं. म्हणाला, मोरेजी, आंटी तर गेल्या. आता हा कुणाच्या काय कामाचा? बोला, काय घेणार? बोर्डही परत लावून देतो.

सवय कुठं जाते? मी त्याला आधी आकडा बोलायला लावला. त्यानं सांगितला. मी हसलो. त्यानं वाढवला. बाहेरची लोखंडी चौकट त्याच्या डोक्यावर दिसत होती. मग मी काउंटरमधलं बाईंचं स्टूल उचलून शोकेससमोर ठेवलं आणि फडक्यानं पुसलं.

"मूळ प्रत बाहेर जात नाही, भाटियाजी," मी मराठीतच म्हटलं. "इथं बसून हवी तेवढी बघा."

त्याला कळलं असावं. तो बसला नाही, निघून गेला. पुढच्या तारखेला त्याचा वकील पुन्हा तेच मागेल, आणि भाचीबरोबर मी डबा घेऊन जाईन, आणि तोच डबा घेऊन परत येईन. स्टूल मी आत नेलं, काउंटरमागं टाकलं. मी बसलोय.